बोलोन्याला याल का?

हाउन्सलो
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सुचेताताई,

सा. न. वि. वि. पत्र बघून दचकू नका. कोणी आजारी नाही आणि मला मंडळाची वर्गणीही नको आहे. मागच्या महिन्यात मी तुम्हाला व्हॉट्सअॅपवर ‘घरी नीट पोचलात का’ एवढंच विचारलं, तर तो मेसेज तुमच्या घरच्या आयपॅडवर ईशानीच्या होमवर्कच्या मधोमध उगवला. नातीनं तो मोठ्यानं वाचला, सूनबाईंनी ‘हे कोण काका?’ म्हणून विचारलं, आणि पुढच्या शनिवारी तुम्ही मला लायब्ररीच्या कपाटामागे नेऊन दम दिलात. तेव्हापासून मी फोनकडे बघतो आणि खाली ठेवतो. म्हणून हा कागद. पाकिटावर मुद्दाम मंडळाचा शिक्का मारलाय, म्हणजे कोणी विचारलं तर मंडळाचं सर्क्युलर.

आता मुद्दा. तो लिहायला घेतला की हात चहाकडे जातो, त्यामुळे सकाळपासून चहाच जास्त झाला.

तुमचे यजमान जाऊन आणि माझी मंदा जाऊन बरीच वर्षं झाली. शनिवारी तुमचा मराठीचा वर्ग सुटला की आपण मिळून लायब्ररीची पुस्तकं लावतो आणि हसतो, त्या हसण्यावर माझा पुढचा आठवडा निघतो. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगून टाकतो.

तर मे महिन्यात तीन दिवस माझ्याबरोबर बोलोन्याला याल का? राहण्याखाण्याचं सगळं मी बघतो. दोन स्वतंत्र खोल्या घेईन, त्याबद्दल निश्चिंत असा. नाही म्हणालात तरी राग नाही. शनिवारी पुस्तकं लावायला मी येणारच.

आपला,
कमलाकर

*

बेसिंगस्टोक
८ फेब्रुवारी

कमलाकरभाऊ,

पत्र मिळालं. पहिल्यांदा शुद्धलेखन. ‘बोलण्याला’ हा साधा शब्द तुम्ही ‘बोलोन्याला’ असा काहीतरी लिहिला आहे. न आणि ण यातला फरक माझ्या वर्गातल्या चिमुरड्यांना कळतो, आणि ल वर तो ओकार कशासाठी? हीथ्रोच्या कार्गोत इतकी वर्षं खोक्यांवर इंग्रजी लेबलं वाचून वाचून तुमचं मराठी गेलं, दुसरं काय.

आता मजकूर. तीन दिवस बोलण्याला यायचं? अहो, तीन दिवस बोलण्यासारखं आपल्याकडे आहे तरी काय? आमच्या ह्यांच्याशी अख्ख्या संसारात मिळून तेवढं बोलणं झालं असेल की नाही, मला शंका आहे. ते एकतर टीव्ही बघायचे नाहीतर झोपायचे. आणि दोन स्वतंत्र खोल्या कशाला? तुम्ही एका खोलीतून बोलणार आणि मी दुसरीतून ऐकणार? असं मी फक्त दातांच्या दवाखान्यात बघितलंय.

खरं सांगा, मंडळात काही झालंय का? नव्या कार्यकारिणीत मला घालायचा घाट असेल तर माझा स्पष्ट नकार समजा. दुसरं काही बोलायचं असेल तर बेसिंगस्टोक स्टेशनसमोर कॉफीचं दुकान आहे. तासाभरात सगळं बोलून होईल आणि तुम्हाला परतीची ट्रेनही मिळेल.

तुमचं पाकीट ईशानीच्याच हाती पडलं. ‘आजी, तुझा पत्र आली, कोण लिहिला?’ एका वाक्यात चार चुका, आणि हिची आजी मराठी शिकवते. मी म्हटलं, मंडळाचं आहे. मग जिन्यात बसून वाचलं.

शनिवारच्या हसण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचलं. त्यावर काही लिहीत नाही. पण वाचलं.

सुचेता

*

हाउन्सलो
१२ फेब्रुवारी

सुचेताताई,

बोलोन्या हे गाव आहे. इटलीत. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जी असतो, तो तिथे मुकाट बसून राहतो. ओकार बरोबर आहे, न सुद्धा बरोबर आहे, आणि माझी कार्यकारिणीबद्दल काहीच योजना नाही.

तुमचं उत्तर वाचून मी आधी अर्धा दिवस उदास होतो. मला वाटलं, बाईंनी किती सफाईदारपणे टोलवलं. इटलीला चला म्हटलं तर स्टेशनसमोर कॉफी प्यायला बोलावतात. मग पुन्हा वाचलं तेव्हा उजेड पडला. शेजारच्या मुरलीधरनं भिंतीवर ठकठक करून विचारलं, काका, एकटेच काय हसताय?

बोलोन्याच का, ते सांगतो. कार्गोत असताना BLQ, म्हणजे बोलोन्या, असं लेबल लावलेली खोकी यायची. चीजची चाकं, फरशा, मोटरसायकलचे भाग. एकदा एक खोकं फुटलं आणि सगळ्या शेडमध्ये चीजचा असा वास सुटला की आमचा सुपरवायझर डबा खायला बाहेर गेला. मी मात्र तिथेच बसून खाल्लं. तेव्हापासून मनात होतं, हा वास ज्या गावाचा आहे ते गाव बघायचं. व्हेनिसला सगळेच जातात. होडीत बसायचं, फोटो काढायचा आणि बिल बघून गप्प व्हायचं.

शिवाय तुमचे गुडघे आणि इथला पाऊस दोन्हीचा विचार केलाय. बोलोन्याच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी कमानींची पडवी आहे. सगळ्या गावाला पडवी. छत्री न उघडता दिवसभर फिरावं आणि दमलं की खांबाला टेकावं.

आता खरी अडचण. इटलीतल्या कुठल्याही गावाची माहिती काढायला गेलं की इंटरनेटवर ‘रोमँटिक गेटअवे’ असं वर येतं. मेणबत्ती, व्हायोलिन आणि गुडघ्यावर बसलेला तरुण. गुडघ्यावर मीही बसेन, पण मग उठवायला दोन वेटर लागतील. ते जाऊ दे. पण त्या सगळ्यात ‘ताई’ कुठेच बसत नाही. ताईला घेऊन कोणी असल्या ठिकाणी जात नाही. मंडळाच्या रिवाजानं मी तुम्हाला पहिल्या दिवशी ताई म्हणालो आणि तिथेच अडकलो. दिवाळीत भाऊबीजेला सगळ्या बायकांनी सगळ्या पुरुषांना ओळीनं बसवून ओवाळलं, तेव्हा मी कुठे होतो आठवतंय का? किचनमध्ये वडे गरम करत होतो. वडे गरमच होते.

आता तुम्हाला विचार काय आहे ते कळलं. उत्तर सावकाश द्या.

कमलाकर

*

बेसिंगस्टोक
२१ फेब्रुवारी

श्री. कमलाकर यांस,

‘भाऊ’ काढलं आहे. त्या जागी काय घालायचं ते ठरलेलं नाही, म्हणून तूर्त जागा मोकळी. तुम्हीही ताई काढावं. तुम्ही त्या दिवशी किचनमध्ये का गेलात हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी उलट सगळ्यांना सांगत बसले की कमलाकर किती कामसू आहेत.

तुमचं पत्र मी बाथरूममध्ये वाचलं आणि इतकी हसले की सूनबाईनं, अक्षयानं, दार वाजवून विचारलं, आई, बऱ्या आहात ना? मग तिथेच बसून रडलेही. का ते विचारू नका, मला सांगता येणार नाही.

मला भीती वाटते हो. माझा अनुप चांगला मुलगा आहे. थंडी पडली की माझ्या खोलीतलं हीटिंग आधी बघतो, डॉक्टरकडे स्वतः नेतो. पण त्याच्या डोक्यात आई म्हणजे हॉलमधल्या बाबांच्या फोटोला हार घालणारी बाई. तिनं कोणा कमलाकरांबरोबर इटलीत पडवीतून फिरायचं हे त्याच्या डोक्यात कुठे बसणार? आणि तो नको म्हणाला तर मला त्याच घरात राहायचंय. तुम्ही हाउन्सलोत एकटे, तुम्हाला कोण विचारणार?

हे सगळं लिहून मी नाही म्हणणार होते. मग अक्षयाच्या लॅपटॉपवर बोलोन्या काढून बघितलं. जिथे बघावं तिथे मांस. सॉसमध्ये मांस, शेवयांत मांस, दुकानात छताला टांगलेलं मांस. मला इतका राग आला की मी तासभर शाकाहारी काय मिळतं ते शोधत बसले. उठल्यावर लक्षात आलं, जी बाई जाणार नाही ती जेवणाची चौकशी कशाला करेल.

तर येते. अनुपला सांगितलं, मंडळाची ट्रिप आहे. तो म्हणाला, छान, मज्जा कर. त्याच्याशी मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात दोन लाडू जास्त घातले.

सुचेता

*

हाउन्सलो
७ मार्च

सुचेताबाई,

ताईच्या जागी बाई लिहून बघितलं. शाळेतल्यासारखं वाटतं, पण तुमच्या बाबतीत ते खोटं नाही.

तुमचं पत्र खिशात घेऊन मी परवा विनाकारण बसनं रिचमंडपर्यंत गेलो आणि आलो. सीनियर पासचा असा उपयोग पहिल्यांदाच केला.

जेवणाचं सांगतो. माझ्या ओळखीचा एक जुना ड्रायव्हर आहे, त्याची बायको त्याच गावची. तिला फोन लावला. ती म्हणाली, तिथला पास्ता सारण भरून करतात. तोर्तेलिनी छोटी, त्यात मांस, ती घ्यायची नाहीत. तोर्तेलोनी मोठी, त्यात ताजं चीज, लोण्यात सेज नावाच्या सुगंधी झुडपाची पानं परतून वरून घालतात, ती घ्यायची. एका अक्षराचा फरक आहे, पण तुम्ही बरोबर असल्यावर मला त्याची काळजी नाही. दुसरं फ्रिज्जोने. नुसता कांदा आणि टोमॅटो, मंद आचेवर अर्धा दिवस. मात्र काही ठिकाणी डुकराची चरबी घालतात, म्हणून आधी विचारायचं. विचारण्याचं वाक्य मी पाठ करतोय. मुरलीधर म्हणतो, मी ते म्हणताना कोणाला तरी धमकी दिल्यासारखं वाटतं.

सकाळी मोठ्या चौकाजवळच्या बाजाराच्या गल्ल्या. दुपारी झोप. त्या गावात एका भिंतीला छोटी खिडकी आहे, ती उघडली की मागे अचानक कालवा दिसतो, ती बघायची. टेकडीवरच्या देवळापर्यंत कमानींखालून चढत जातात, पण आपण चौकातून सुटणाऱ्या छोट्या रंगीत गाडीनं जाऊ. संध्याकाळी कुठेतरी बाहेर खुर्च्या टाकलेल्या असतील तिथे एक पेय मागवायचं, त्याबरोबर खायला आपोआप येतं म्हणे. व्हायोलिनवाला दिसला तर मी त्याला लांब घालवीन.

अनुपशी बोललेल्या खोट्याचं मात्र माझ्याकडे औषध नाही. तुम्ही म्हणाल तर सगळं रद्द करतो. आणि म्हणाल तर अनुपशी मी बोलतो.

कमलाकर

*

बेसिंगस्टोक
२९ एप्रिल

कमलाकर,

बघा, नुसतं नाव लिहिलं. लिहिताना पेन अडखळलं, पण घरात कोणी नव्हतं.

अनुपशी तुम्ही बोलायचं नाही. रद्दही करायचं नाही. मी खाकरा आणि मेतकूट घेतलंय, लागेल म्हणून. तुम्ही कानटोपी घालून येऊ नका, मे महिना आहे. आणि विमानतळावर ओळखीचं कोणी भेटलं तर मी खिडकीशी आणि तुम्ही मागच्या रांगेत, आपण एकमेकांना फक्त मंडळात ओळखतो.

अक्षयानं मला बॅगेत घालायला नवा निळा स्कार्फ आणून दिला. मंडळाच्या ट्रिपला एवढं कशाला, असं मी म्हणाले. तिनं तो स्वतःच घडी करून बॅगेत सगळ्यात वर ठेवला.

सुचेता

*

हाउन्सलो
१३ मे

आदरणीय सुचेताताई,

सा. न. वि. वि. आपण सुखरूप पोचला असाल.

ट्रिपबद्दल आभार मानायला हे पत्र. तोर्तेलोनी आली तेव्हा तुम्ही पहिला घास घेऊन डोळे मिटलेत, आणि मग म्हणालात की हे मोदकाचं माहेर आहे. बाजारात एक बाई तुमच्या उंचीएवढ्या लाटण्यानं पोळी लाटत होती. तुम्ही काचेला नाक लावून तिच्याकडे बघत राहिलात, तिनं तुम्हाला आत बोलावलं आणि दोघींनी एकमेकींच्या भाषेतलं काही न कळता माझ्याकडे बोट दाखवून हसून घेतलं. त्या संध्याकाळी संत्र्याचं सरबत समजून तुम्ही दोन ग्लास वाइन घातलेलं स्प्रिट्झ प्यायलात आणि वेटरला मराठी बाराखडी शिकवलीत. मी तुम्हाला सांगणार होतो की ते सरबत नाही. पण तुम्ही फार खुशीत होता, मला धीर झाला नाही.

आता शेवटच्या सकाळचं. चौकातल्या त्या जुन्या इमारतीखाली कमानींचा चौक आहे. तिथे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं, की एकानं पुटपुटलेलं दुसऱ्याला कानात सांगितल्यासारखं ऐकू येतं. लोक येत होते, कुजबुजत होते, हसत होते. आपणही उभे राहिलो. तुम्ही आधी म्हणालात, ‘ण म्हणा.’ मी म्हटलं. मग मी जे बोललो ते बोललो. ते मी तीन दिवस मनात घोळवत होतो, आणि तुमच्या तोंडाकडे बघून म्हणणं मला जमत नव्हतं.

तुमच्या कोपऱ्यातून काही आलं नाही. मी थांबलो. मागे एक जोडपं ताटकळत होतं, म्हणून शेवटी वळलो. तुम्ही बॅग काखोटीला मारून म्हणालात, चला, एअरपोर्टची बस चुकेल. विमानात तुम्ही डोळे मिटून बसलात.

मला उत्तर समजलं. अगदी मनापासून सांगतो, माझा राग नाही. वाईट वाटलं, ते वाटणारच. मी तुम्हाला अवघड जागी उभं केलं, त्याबद्दल क्षमस्व. शनिवारी लायब्ररीत येईन. तुम्हाला नको वाटत असेल तर तसं कळवा, मी दुसऱ्या कोणाला तरी पुस्तकं लावायला सांगतो.

आपला,
कमलाकर

*

बेसिंगस्टोक
१७ मे

कमलाकर,

ताई कशाला लिहिलंत? ते बघून मला जितकं लागलं तितकं फार दिवसांत काही लागलं नव्हतं. आज तुम्हाला तोंड दाखवायच्या आधी हे लिहून व्हावं म्हणून वर्ग बुडवून घरी बसले आहे. मी आजवर एकही वर्ग बुडवला नव्हता, म्हणजे काय ते समजा.

ते सरबत नव्हतं हे मला पहिल्याच घोटाला कळलं होतं. दुसरा ग्लास मी समजून उमजून मागवला.

आणि त्या कोपऱ्यातलं मी सगळं ऐकलं. ‘सुचेता, उरलेलं आयुष्य माझ्याबरोबर काढशील का?’ असं तुम्ही म्हणालात. काढाल नाही, काढशील. मुलगा आणि नात सोडली तर मला अगं-तुगं करणारी माणसं एकेक करून गेली. तो एक शब्द मी मनात पुन्हा म्हणून बघितला. मी भिंतीला हात टेकून उभी होते.

मग मी गप्प का बसले? समोर नुसता दगड होता. मनात आलं, हे ऐकायला आपण या वयापर्यंत आलो आणि ऐकताना आपलं तोंड भिंतीकडे आणि पाठ माणसाकडे. पत्र जिन्यात वाचायचं, विमानात मागची-पुढची रांग धरायची, मुलाला ट्रिप म्हणून सांगायचं, आणि आता हेही कुजबुजून. मला राग आला. तुमचा नाही, माझा. हे सगळं चोरून करायचं माझ्यामुळेच ठरलं होतं. त्या रागात मी ‘हो’ म्हणाले असते तर तेही चोरूनच म्हटल्यासारखं झालं असतं. म्हणून बॅग उचलली. विमानात डोळे मिटले ते तुमच्याकडे बघितलं असतं तर रडू आलं असतं म्हणून. तुम्ही त्याचा असा अर्थ लावाल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माणसानं इतकं हुशार असून इतकं खुळं असू नये.

काल तुमचं पत्र आलं. मी ते स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर उघडलं. अनुपनं विचारलं, कोणाचं? मी म्हटलं, कमलाकरांचं. मी मंडळाच्या ट्रिपला गेले नव्हते, त्यांच्याबरोबर बोलोन्याला गेले होते. आणि मला त्यांच्याबरोबर राहायचं आहे.

अनुपनं हातातला घासून झालेला तवा पुन्हा घासायला घेतला. बराच वेळ घासला. मग म्हणाला, आई, खोटं कशाला बोललीस माझ्याशी? तुला मी इतका वाईट वाटलो? त्याचे डोळे भरले होते. तुमच्यावर तो एक अक्षर बोलला नाही. माझ्या मुलाला मी उगाच घाबरले आणि त्याला दुखवलं, तुम्हालाही दुखवलं. तो वर निघून गेला. अक्षया माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, फोटो दाखवा ना. ईशानीला तुमचा फोटो बघून एवढंच विचारायचं होतं की ‘हा काका’ रोज येणार आहे की फक्त वीकेंडला.

रात्री जेवताना अनुप आपण होऊन म्हणाला, पुढच्या रविवारी त्यांना बोलाव. मला बघायचंय त्यांना. तेव्हा हा तुम्हाला दाखवण्याचा कार्यक्रम आहे हे लक्षात घ्या. कांदेपोहे मी करते. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून या. मुलगा काय करतो, स्वभाव कसा, पथ्यपाणी काय, असं सगळं तो विचारणार. नीट उत्तरं द्या. पेन्शनचं त्यानं विचारलं तर तेही सांगा, त्याला आकडे आवडतात.

पोहे झाले की त्या टेबलाशी, सगळ्यांच्या देखत, माझ्याकडे तोंड करून, तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. मोठ्यानं. ‘काढशील’ असंच म्हणायचं, तिथे घाबरून ‘काढाल’ केलंत तर मी उत्तर देणार नाही.

उत्तर हो आहे. ते आत्ताच लिहून टाकते, नाहीतर तुम्ही वाटेत वोकिंगलाच उतरून परतीची गाडी धराल.

सुचेता